दादाच्या वरचा मजला

या, आत या. तिथेच बसा, दाराजवळ. स्टूल एकच आहे, ते तुम्ही घ्या. मी खालीच बसतो, मला सवय आहे.

लाईट गेलेत म्हणून हा दिवा. या बिल्डिंगमध्ये माणसंच कमी, त्यामुळे लाईट गेले तरी आरडाओरडा करायला कोणी नाही. वॉचमनने पाठवलं ना तुम्हाला? घर घ्यायचंय, मजला कुठला बरा पडेल, ते राहणाऱ्यालाच विचारावं म्हणून आलात. चांगलं केलंत. आम्ही कोणाला विचारलं नव्हतं.

आम्हीसुद्धा असेच मजला निवडायला आलो होतो. छान ऊन पडलं होतं त्या दिवशी. आई, वहिनी आणि मी. आईने ठेवणीतले कपडे घातले होते, कोणाच्या घरी पाहुणी निघाल्यासारखे. माझा दादा इथे कामावर असताना गेला, म्हणून कंपनी आम्हाला घर देणार होती. घर घ्या आणि गप्प बसा, असं तोंडाने कोणी म्हणालं नाही. पण सुपरवायझर इतका गोड बोलत होता, की मला त्याच्या डोक्यावरची ती पिवळी टोपी काढून खाली फेकावीशी वाटत होती. वहिनीने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

दादा फरशीवाला होता. मी त्याच्याच हाताखाली शिकलो. शाळा मला कधी जमली नाही, ठोकण्याचा आवाज मात्र कळायचा. फरशीवाल्याचं काम कधी पाहिलंय तुम्ही? तो उकिडवा बसतो. पुढ्यात टाइल ठेवतो, रबरी हातोडीने ठोकतो, मान कलती करून आवाज ऐकतो. आवाज भरीव आला की मागे सरकतो आणि पुढची टाइल घेतो. पोकळ आला तर टाइल उचलायची, खाली पुन्हा सिमेंटचा माल भरायचा. फरशीवाला पुढे जात नाही, मागे मागे जातो. म्हणून काम नेहमी आतल्या भिंतीपासून सुरू करायचं आणि दाराकडे यायचं. शेवटची टाइल बसली की माणूस दाराबाहेर. ओल्या कामावर कोणाचा पाय पडत नाही.

दादा म्हणायचा, "मी मोठमोठ्यांच्या घरात त्यांच्याआधी बसून येतो. फक्त उठताना पुसून द्यावं लागतं."

या बिल्डिंगचं फरशीकाम वरच्या मजल्यापासून खाली येत होतं. त्या दिवशी कोणी गिऱ्हाईक घर बघायला येणार होतं. दाराकडची बाजू आधी वाळायला हवी, म्हणून सुपरवायझरने दादाला दारापासून सुरुवात करायला लावली. मी दुसऱ्या साइटवर होतो. दादा दारापासून बाल्कनीकडे मागे मागे सरकत गेला. बाल्कनीला कठडा अजून बसायचा होता. त्याच्या जोडीदारांनी मला सांगितलं, तो ओरडलासुद्धा नाही. टाइल ठोकली, आवाज ऐकायला मान कलती केली, जरासा मागे सरकला, आणि मग त्या जागी कोणीच नव्हतं.

"पंधरावा मजला," ते म्हणाले. तो आकडा आमच्या घरात रुतून बसला.

तर आम्ही मजला निवडायला आलो. सुपरवायझर म्हणाला, "कुठलाही घ्या. वरचे तयार आहेत. खालचा घेतलात तर थोडं थांबावं लागेल, इतकंच."

आईचे गुडघे दुखतात, म्हणून मी आधी चौथ्यावर नेलं. वहिनी सरळ खिडकीशी गेली. काचेला कपाळ टेकवून तिने खाली बघितलं. मग हळूच म्हणाली, "भाऊजी, ते पंधराव्यावरून पडले ना?"

"हो."

"मग इथूनही गेले असतील. या खिडकीसमोरून."

खालच्या प्रत्येक मजल्याला तशीच खिडकी होती.

आई म्हणाली, "मला त्याच मजल्यावर ने. तिथे त्याचे हात लागलेत."

"आणि मी त्या बाल्कनीत कपडे वाळत घालू?" वहिनीने विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी विचार करणारा माणूस नाही, डोक्यात आलं की तोंडातून बाहेर. म्हटलं, "सोळावा. त्याच्या वरचा. आई, तो तुझ्या पायाखाली असेल. आणि वहिनी, सोळाव्याच्या खिडकीसमोरून तो गेलेला नाही."

किती हुशार वाटलो मी स्वतःला.

सुपरवायझरने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "सोळावा? नक्की?"

"का? दुसऱ्या कोणाला दिलाय?"

"नाही, नाही. रिकामाच आहे. फक्त एकदा ठरलं की बदलून मिळत नाही, म्हणून विचारलं."

लिफ्टने वर आलो. मी सोळाचं बटण दाबलं. लिफ्टमध्ये माणूस आपला आकडा शोधतो. नसलेला आकडा कोण शोधतं?

राहायला आलो तेव्हा घरात ओल्या सिमेंटचा वास होता. नव्या घराला असतो, मला त्याचं काही नाही. पण तो वास दिवसागणिक कमी व्हायचा सोडून वाढत गेला. जणू कोणीतरी रोज ताजा माल कालवत होतं.

आवाज पहिल्यांदा आईने ऐकला. दुपारी जेवून आडवी झाली होती, कान जमिनीला. म्हणाली, "धाकट्या, खाली काम चाललंय."

मी कान लावला. ठक… ठक… मग थोडी शांतता. मान कलती करण्याएवढी. पुन्हा ठक… ठक. कोण कसं ठोकतं ते मला डोळे मिटून ओळखता येतं. मी कान फरशीवरून उचलला.

"दुसरा कोणी मिस्त्री असेल," मी म्हटलं.

आई हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. "मला नको शिकवू. जन्म मी दिलाय त्याला."

त्या दिवशी आई पोटभर जेवली. दादा गेल्यावर ती घासभर खाऊन ताट सरकवायची. हीसुद्धा आता जाणार, हीच एक भीती मला होती. म्हणून मी गप्प बसलो. खाली दादा असला तर असू दे, म्हटलं. आई जेवतेय ना.

वहिनीला मात्र ते सोसेना. ती कानात कापूस घालून झोपायची. एक दिवस पिशवी भरली आणि माहेरी जायला निघाली. दारात मला म्हणाली, "भाऊजी, आवाज खालून येत नाहीये. नीट ऐका. आणि आईंना घेऊन बाहेर पडा."

मी चिडलो. नको ते बोललो तिला. ती लिफ्टपर्यंत मागे न बघता गेली.

मग आईने दादाची हातोडी काढली. सामानातून आलेली, जिच्या दांड्यावर त्याच्या अंगठ्याचा खळगा पडलाय, तीच ही. आई दाराजवळ उकिडवी बसायची आणि उत्तर द्यायची. खालून ठक ठक, वरून ठक ठक. ज्या गुडघ्यांमुळे तिला धड स्टुलावर बसता येत नव्हतं, ते आता दुपारभर मुडपलेले असायचे.

"काय बोलतो?" मी एकदा विचारलं.

"काही नाही रे. सरक म्हणतो."

"काय?"

"थोडी सरक, आई, म्हणतो. पुढची घ्यायचीय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दाराजवळ बसणारी आई आता खोलीच्या मधोमध होती. तोंड दाराकडे, पाठ बाल्कनीकडे. रोज एक ओळ मागे. मी तिच्या पुढच्या टाइल ठोकून बघितल्या. आम्ही आलो तेव्हा सगळी फरशी भरीव होती, मी स्वतः तपासली होती. आता आई जिथून जिथून सरकली होती, तिथली प्रत्येक टाइल पोकळ वाजत होती.

मी एक टाइल उचलली. खाली माल होता, घट्ट, वाळलेला. पोकळी कुठेच नव्हती. परत बसवली आणि ठोकली. पोकळ.

आईला उचलून दाराजवळ नेऊन बसवायचो. पाणी आणायला वळलो की ती परत आपल्या ओळीत. म्हणायची, "मध्ये मध्ये करू नकोस. तुझ्या दादाचं काम अर्धं राहिलंय."

शेवटी एका सकाळी मी बाल्कनीच्या दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. कठडाही होता आता, छातीएवढा, लोखंडी. मनाला सांगितलं, काही होत नाही. आणि वॉचमनला म्हटलं, मला पंधराव्यावरचं आमच्या खालचं घर उघडून दाखव. हा आवाज कुठून येतो ते एकदा बघतोच.

त्याने कुलूप काढलं. आत गेलो आणि माझं पाऊल खरखरीत लागलं. खाली बघितलं. नुसतं सिमेंट. एकही टाइल नव्हती.

"फरशी कोणी काढली?"

"काढली? बसलीच कुठे?" वॉचमन म्हणाला. "काम वरून खाली येत होतं. तो अपघात झाला आणि थांबलं. इथून खाली सगळी घरं अशीच आहेत."

"पण पंधराव्यावर झालं होतं. शेवटची ओळ टाकताना माझा दादा…"

वॉचमन माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटत होतं, मला माहीत आहे. मग त्याचा आवाज एकदम उतरला. "हा बटणाचा पंधरावा आहे. या बिल्डिंगमध्ये तेरावा मजला नाही. तो आकडा अपशकुनी, लोक घेत नाहीत, म्हणून कंपनीने गाळलाय. बारानंतर एकदम चौदा. तुमची माणसं स्लॅब मोजतात. तुमचा पंधरावा म्हणजे बटणाचा…"

त्याने मान उचलून वर छताकडे बघितलं.

वरून आवाज येत होता. ठक… ठक… आई ठोकत होती. मग शांतता. मान कलती करण्याएवढी.

ती शांतता संपली नाही.

मी दाराकडे वळणार तेवढ्यात समोरच्या खिडकीबाहेरून ती खाली गेली.

उकिडवी. बसली होती तशीच. तोंड आमच्याकडे, मान कलती, काहीतरी ऐकत असल्यासारखी. केस नुसते वर उडत होते. ओरडली नाही. वॉचमनने माझा हात धरला, त्याची नखं माझ्या दंडात रुतली, म्हणून मला कळलं की त्यालाही दिसलं.

वर धावलो. लिफ्टची वाट बघितली नाही. बाल्कनीच्या दाराला कुलूप तसंच होतं. किल्ली माझ्या खिशात. दाराची काच धड, कठडा धड, बाल्कनीतल्या धुळीवर पाऊल नाही. आणि हातोडी… ती खाली आईजवळ सापडली नाही. ती इथे होती, घराच्या दारात, पहिल्या टाइलवर, दांडा आतल्या बाजूला करून ठेवलेली. दादा दुसऱ्याच्या हातात द्यायचा तेव्हा तशी द्यायचा.

नंतर वहिनीचा निरोप आला, निघून या म्हणून. सुपरवायझरही येऊन गेला. बदलून मिळत नाही म्हणणारा तो माणूस, मला म्हणाला, "कुठलाही खालचा घे, आजच्या आज देतो."

मी विचारलं, "कुठला? खालचा कुठला मजला राहिलाय, ज्याच्या खिडकीसमोरून आमच्या घरातलं कोणी गेलेलं नाही?"

त्याने टोपी काढली. यावेळी परत घातली नाही.

म्हणून मी इथेच आहे. आणि जायचं कुठे? माझी होती नव्हती ती माणसं इथे आहेत. रोज बोलतात. आधी एकाच्या हाताचा आवाज यायचा, आता दोन येतात. दादाचा भरीव, आणि त्याच्यामागे एक हलका, थकलेला. मी उत्तर देतो. नाही दिलं तर दोघंही थांबून राहतात, आणि ते थांबणं मला ऐकवत नाही.

आता ऐकू येतंय तुम्हाला? नाही? हातोडी माझ्याच हातात आहे, हे मला दिसतंय हो. पण मी कधी उचलली, ते आठवत नाही.

तुम्ही मजल्याचं विचारायला आलात आणि मी काय सांगत बसलो. एक विचारू? तुम्ही आलात तेव्हा मी इथेच, तुमच्या स्टुलाजवळ बसलो होतो ना? दिवा आपल्या दोघांच्या मध्ये होता. आता तो माझ्यापासून इतका लांब कसा?

तुम्ही हलला नाहीत. तुमची पाठ अजून दाराला टेकलेली आहे.

माझ्यासाठी एवढं बघून सांगा. मला वळता येत नाही, काम चालू असताना मागे बघायचं नसतं, दादाने शिकवलंय. माझ्यामागे बाल्कनीचं दार आहे, त्याला कुलूप आहे. आहे ना? किल्ली ही बघा, माझ्या खिशात.

मग पाठीला वारा कुठून लागतोय?