आधी नियम, मग प्रेम

"अहो, आडोशाला या लवकर! आत्ता कोसळेल बघा!"

जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या ट्राम-थांब्यावर उर्जा चक्क मराठीत ओरडली, कारण समोरच्या तरुणाच्या खांद्याला पुण्यातल्या साड्यांच्या दुकानाची कापडी पिशवी लटकत होती. तो बिचारा मुकाट्याने छपराखाली आला. त्याची ट्राम आली, गेली. पावसाचा मात्र एक थेंब पडला नाही.

"कुठे राहिला पाऊस?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं.

"यायला हवा होता..."

"तुम्ही ज्योतिषी का?"

"नौदलात हवामान अधिकारी आहे मी. लेफ्टनंट," उर्जा म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली. गोव्याचे ढग तिला कधी असे तोंडघशी पाडत नसत. हे जर्मन ढग मेले काळेठिक्कर तोंड करून यायचे आणि काही न देताच निघून जायचे.

तो हसला. मोकळं, छातीभरून हसला. त्याचं नाव तनय. उपग्रहांनी काढलेल्या ढगांच्या चित्रांसाठी तो सॉफ्टवेअर लिहायचा, आणि ती चित्रं वाचायचं प्रशिक्षण घ्यायला उर्जा दोन महिन्यांसाठी इथे आली होती. आता याला योगायोग म्हणायचं की आणखी काही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मग रोज संध्याकाळी तो त्याच थांब्यावर दिसू लागला. "लेफ्टनंटबाई, आज छत्री घेऊ की नको?" ती "नको" म्हणाली की हा हटकून छत्री उघडायचा. गोव्याच्या नौदल तळावर तिला सलाम ठोकणारे पुष्कळ होते, चिडवणारा कुणी नव्हता. चिडवलेलं इतकं आवडतं, हे तिला ठाऊकच नव्हतं!

हेर्नगार्टनच्या बागेत चेस्टनटची पानं पिवळी पडू लागली तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. चालताना ती त्याला पहाटेच्या ब्रीफिंगबद्दल सांगायची. समोर वैमानिक बसलेले, आणि समुद्रावर धुकं आहे म्हणून ती "आज उड्डाण नाही" म्हणाली की मोठमोठे कमांडरही चूप. एकदा तिच्या 'नाही'मुळे एक हेलिकॉप्टर जमिनीवर राहिलं, आणि तासाभरात समुद्र दिसेनासा झाला.

"तेव्हा कळलं, हे काम मी मरेपर्यंत सोडणार नाही," ती म्हणाली.

तनय तिच्याकडे नुसता बघत राहिला. त्या बघण्याने ती पुढचं वाक्य विसरली.

आणि मग एके दिवशी तो उड्या मारतच आला.

"आल्झो, चला, पेढे वाटूया! पुढच्या सोमवारी मी जर्मन होणार. नऊ वर्षं झाली इथे, आता लाल पासपोर्ट. व्हिसाच्या रांगा संपल्या!"

उर्जा हसली नाही. बाकावर बसली, हातातली काडी मोडत राहिली.

"काय झालं? उर्जा... बोल ना."

"काही नाही. अभिनंदन."

"हे अभिनंदन आहे की शोकप्रस्ताव?"

आणि मग तिच्या तोंडून ते निसटलंच. "आमच्या नौदलात नियम आहे. परदेशी नागरिकाशी लग्न केलं की वर्दी उतरवावी लागते."

तनयही बाकावर टेकला.

"लग्न?" तनय हळूच म्हणाला. "पण आपण अजून... मी तर अजून तुला..."

उर्जाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. प्रेमाचा एक शब्दही कुणी उच्चारला नव्हता, आणि या बाईंनी थेट सेवानियम वाचून दाखवला! ती उठली आणि ताडताड चालायला लागली. मागून त्याने हाक मारली, पण तिने वळून पाहिलं नाही.

त्यानंतर तो थांब्यावर दिसला नाही. सोमवारही उजाडला. झाला असेल जर्मन, ती मनाशी म्हणाली, आणि वर्गात वादळाच्या चित्रासमोर बसून तिला रडू आलं. वर्दी सोडायची नाही, हे पक्कं होतं. तो हवा आहे, हेही तितकंच पक्कं होतं.

संध्याकाळी ती बाहेर पडली, तर प्रशिक्षण केंद्राच्या फाटकाशी तनय उभा.

"गेलो होतो आज नागरिकत्वाच्या ऑफिसात," तो म्हणाला. "अर्ज मागे घेतला. तिथल्या बाई दोनदा विचारत होत्या, नक्की ना? मी म्हटलं, गेनाऊ, अगदी नक्की."

"वेडा आहेस का? नऊ वर्षं! उद्या पस्तावलास तर?"

"इतके दिवस तेच तपासत होतो. एक सांग. मी म्हटलं असतं, तर सोडली असतीस वर्दी?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," ती म्हणाली.

"मग? तुला तो प्रश्न आयुष्यात कधी विचारायचा नाही, म्हणून अर्ज मागे घेतला. आमच्या पुण्याच्या ऑफिसात बदली मागितलीय. व्हिसाच्या रांगेत उभं राहायची मला सवय आहे गं. तुझ्याशिवाय राहायची नाही."

उर्जाचे डोळे भरून आले. तिने त्याच्या कोटाची बाही घट्ट धरली.

"पण तू मला अजून काही विचारलंच नाहीयेस," ती म्हणाली.

"विचारू?"

"विचार. माझा होकार तयार आहे."