आरती संपता संपेना

पेटीची एक काळी पट्टी थंडीत अडकते.

मुंबईतल्या एका हॉटेलात एक जण दहा वर्षं रात्री जॅझ पियानो वाजवायचा, पण जेवायचा मात्र दिवस मावळायच्या आत.

तुरीच्या शेंगा उकडताना मीठ आधी घालावं.

रिसोड ते शिरपूर, साडेतीनची बस, मागची सीट. चेतनाच्या मांडीवर शेंगांची पिशवी होती, आणि त्या पिशवीवर कीबोर्डची एक लांबलचक काळी बॅग येऊन टेकली.

"सॉरी... उभी राहत नाही ही," बॅगवाला म्हणाला.

"शेंगांची चटणी करून राह्यले तुमी."

त्यानं बॅग कशीबशी स्वतःकडं ओढली. मग बॅगवरच त्याची बोटं चालू लागली, आवाज न करता. चेतना शिरपूरच्या जैन मंदिरात भजनी मंडळाची पेटी वाजवायची, म्हणून बोटं तिला वाचता येत. दोन थांबे तिनं ती बोटं वाचली. तिसऱ्याला राहवलं नाही.

"शेजारशेजारचे दोन सूर एकदमच कायले दाबता?"

तो वळला. "बॅगवरून समजलं?"

"समजलं. चुकीचं वाजवता, हेबी समजलं."

"ते दोघं जवळ आले की भांडतात," तो हसला. "मले ते भांडण ऐकाले आवडते."

चेतना खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

त्याचं नाव सन्मती. मूळचा रिसोडचाच. पुण्यात पियानो शिकला, मुंबईत वाजवला, स्वतःच्या नऊ रचना रेकॉर्ड केल्या, आणि आता गावी येऊन दोन कीबोर्डांवर रिसोड-शिरपूरच्या चौदा पोरांना शिकवत होता.

संध्याकाळी तो मंदिरात आरतीला आला, तेव्हा चेतनाच्या वडिलांनी, मंडळाच्या खेमचंदांनी, पाहुणा म्हणून त्यालाच पेटीवर बसवलं. आरतीची शेवटची ओळ झाली. सन्मतीनं सवयीनं सूर मध्येच सोडून दिला... जॅझमध्ये सोडतात तसा, ऐकणाऱ्यानं घरी घेऊन जावा असा. पण शिरपुरात पेटी 'सा'वर आल्याशिवाय कोणी उठत नाही. सगळे हात जोडून बसलेले. कोणीतरी खोकलं. समई फुरफुरली.

"अजून कडवं आहे का, बाबू?" खेमचंदांनी डोळे मिटूनच विचारलं.

चेतनानं हात लांबवला आणि त्याच्या बोटांशेजारून 'सा' दाबला. माणसं उठली.

"तुमाले शेवट करता येत नाही," ती पुटपुटली.

"तुमाले वाट पाहता येत नाही," तो म्हणाला.

मग दर शनिवारी साडेतीनची बस. तो तिला सूर अधांतरी ठेवायला शिकवायचा, ती त्याला भजनाचा ठेका. चूक झाली की दोघंही मुद्दाम तीच परत करत.

फाल्गुनात गोव्याच्या एका संगीत शाळेचं पत्र आलं. जॅझ शिकवायची पक्की नोकरी. सोमवारपर्यंत उत्तर. मंदिरामागच्या ओट्यावर सन्मतीनं ते तिच्या हातात दिलं. तिनं दोनदा वाचलं.

"अशी नोकरी मिळत नाही कोणाले. जा."

"उत्तर लिहिलं नाही अजून."

"काहून?"

"एकट्यानं जायचं की दोघांनी... ते ठरलं नाही ना." तो ओट्याच्या फरशीकडं बघत होता. "मले तू पाह्यजे, चेतना. गोव्यात, रिसोडात, कुठंबी."

ती बराच वेळ पत्राची घडी घालत राहिली. मंडळात दुसरं कोणी पेटी वाजवत नव्हतं. आई गेल्यापासून बाबांच्या भजनाला तिच्या पेटीचीच काय ती साथ होती.

"मलेबी तूच पाह्यजे," ती शेवटी म्हणाली. "पण बाबा नाही म्हणाले, तर मी त्यांले सोडून येणार नाही."

"मी बोलू त्यांच्याशी?"

"नाही. मीच सांगीन."

ती उठली आणि एकटीच बाबांच्या दुकानाकडं निघाली. तीनशे पावलांत तिनं सात वाक्यं जुळवली आणि सातही मोडली.

तिला ठाऊक नव्हतं, पण खेमचंदांनी अकोल्याहून तिच्यासाठी आलेलं स्थळ, तिनं सन्मतीचा सूर पुरा केला त्या आरतीच्या दुसऱ्याच दिवशी, परत पाठवलं होतं.