चित्रदुर्गला ऑइल बदलायचं आहे

“हे ऑइल तुमच्या जीपला होत नाही. मी देणार नाही.”

असं म्हणून त्या माणसानं अवनीच्या हातातला डबा अलगद काढून घेतला आणि पुन्हा फळीवर ठेवून दिला. अवनी बघतच राहिली. पैसे देऊन वस्तू मागावी आणि दुकानदारानं ती हातातून काढून घ्यावी… असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या त्या अरुंद गल्लीत वंगणतेलाची पाच-सहा दुकानं होती. अवनी आईशी फोनवर मराठीत बोलत या दुकानात शिरली, म्हणून तोही मराठीत बोलला होता. पण त्याचं मराठी निराळंच होतं, जुनं आणि तमिळ हेल काढणारं. त्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले आणि तिथलेच झाले, हे तिला नंतर कळलं. त्या घटकेला तिला फक्त त्याचे शांत डोळे दिसत होते. त्या शांतपणाचाच तिला जास्त राग आला.

“का होत नाही?”

“जीप कोणच्या सालची?”

“शहाण्णव.”

“मग होत नाही, बाई.” एवढंच बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला आणि तमिळमध्ये हसत म्हणाला, “डबा जेवढा महाग, तेवढं ऑइल चांगलं, असं वाटतं लोकांना.”

अवनीनं दोन्ही हात काउंटरवर टेकले आणि तमिळमध्येच सुनावलं, “मी इथल्याच आवडी गावात जन्मले. तुम्ही काय बोललात ते मला कळलंय. ओरगडमच्या कारखान्यात मी रोज डिझेल इंजिनांच्याच चाचण्या घेते. आणि बाई नका म्हणू मला!”

“आमच्यांत मान द्यायचा तर बाईच म्हणतात,” तो गडबडून मराठीत म्हणाला.

“मान ठेवा तुमच्या फळीवर… त्या डब्याशेजारी!”

ती तडक चार दुकानं पुढे गेली आणि तोच डबा विकत घेऊन आली. परतताना मुद्दाम त्याच्या दुकानासमोरून चालली. त्यानं पाहिलं, तोंड उघडलं… आणि तो पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळला.

ती जीप अवनीचे वडील दिनानाथ यांची. आवडीच्या रणगाडा कारखान्यात तेहतीस वर्षं नोकरी करून ते आता निवृत्त झाले होते. अवनीला ओरगडमला तिच्या कारखान्याजवळच खोली मिळाली होती. आई सामान घेऊन रेल्वेनं पुढे गेली होती. सोमवारी सकाळी क्वार्टरची किल्ली देऊन दिनानाथ जीपनं साताऱ्याला निघणार होते, आणि अवनी त्यांना पोहोचवून परत येणार होती. “अवनी जन्मली त्या साली ही गाडी घेतली. हिच्यातूनच घरी जाणार,” असं ते वर्षभर येईल त्याला सांगत होते. प्रवासाआधी जीपला उत्तमातलं उत्तम ऑइल घालून त्यांना चकित करायचं अवनीनं ठरवलं होतं. तिच्या कारखान्यातल्या नव्या कोऱ्या इंजिनांना जे ऑइल लागतं, तेच तिनं घातलं.

शनिवारी अंबत्तूरच्या सिग्नलला जीप उभी होती. अचानक डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला.

अवनीनं तत्क्षणी इंजिन बंद केलं. रिक्षावाल्यांनी जीप ढकलून कडेला लावली. खाली वाकून पाहिलं तर इंजिनाखालून ऑइलची धार लागलेली. सोमवार दोन दिवसांवर… आणि बाबांची जीप तिनं स्वतःच्या हातानं…

तासाभरानं ती जॉर्ज टाउनमध्ये त्याच्या काउंटरसमोर उभी होती. डोळे लाल, केस विस्कटलेले.

“तुमच्यामुळे झालं हे!”

“माझ्यामुळं-आ?” तो उभाच राहिला.

“नाही तर काय! देणार नाही म्हणालात, पण का ते सांगितलंत? दोन वाक्यं जास्त बोलला असतात तर मी ऐकलं नसतं?”

“ऐकलं असतंत?”

“…नसतं. पण तुम्ही सांगायला हवं होतं!”

तो हसला नाही. “खरं,” तो हळूच म्हणाला. “ती माझी चूक. मी माघारी बोललो, तीही चूक. बसा. आता सांगतो.”

त्यानं पुढे सरकवलेल्या स्टुलाकडे तिनं पाहिलंही नाही. तिच्यासाठी मागवलेला गोळीसोडा मात्र तिनं एका दमात संपवला.

“नवं इंजिन म्हणजे अंगाबरोबर शिवलेला सदरा,” तो म्हणाला. “आतल्या फटी केसासारख्या बारीक, म्हणून तिथं पातळ ऑइल. जुनं इंजिन झिजतं, सदरा सैल होतो. तिथं पातळ ऑइल घातलं की तापल्यावर पाण्यासारखं धावतं, आणि दाब उतरतो. शिवाय नवं ऑइल भांडी घासल्यासारखं इंजिन घासतं. तीस वर्षांची काजळी सुटी झाली. सीलपाशी तीच गळती अडवून बसली होती.”

“पण या ऑइलची राख कमी होते…”

“ती राख ज्या फिल्टरात अडकते, तो नव्या गाडीच्या धुराड्यात असतो, बाई. तुमच्या जीपला तो आहे-आ?”

हे अवनीला माहीत होतं. रोज त्याच फिल्टरवर तर ती काम करत होती! स्वतःचाच एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

“दिवा लागल्यावर किती वेळ चालवलीत?” त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

“लगेच बंद केली.”

“मग इंजिन वाचलं असेल. दुसरं कुणी असतं तर घरापर्यंत नेली असती.” त्यानं फळीवरचा एक डबा खाली काढला. “…उद्या येतो.”

रविवारी सकाळी तो दोन डबे आणि एक फिल्टर घेऊन लोकलनं आवडीला आला. दिनानाथ निरोपाच्या जेवणाला गेले होते. ते गेल्यावर जीप टेम्पोनं ओढून आणून क्वार्टरमागच्या बदामाच्या झाडाखाली उभी केली होती. त्यानं डिपस्टिक काढली आणि खिशातल्या टिपकागदावर एक थेंब सोडला. मध्ये काळा ठिपका, भोवती तपकिरी कडं. दोघं त्या कागदावर वाकले. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला… आणि कुणीच बाजूला झालं नाही.

“पत्र वाचताय की काय?” अवनीनं विचारलं.

“तसंच. काजळी बहुत आहे, धातूची चमक नाही. बेअरिंगं शाबूत आहेत.”

“मी अवनी. नाव काय तुमचं? काल भांडायच्या नादात विचारलंच नाही.”

“हंबीरराव.”

अवनीला हसू फुटलं. “एवढं सेनापतीचं नाव, आणि लढाई ऑइलच्या डब्यांशी!”

“काल एकीशी केली. हरता हरता वाचलो.”

तो जीपखाली शिरला. जुनं ऑइल घमेल्यात पडलं, फिल्टर बदलला. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, “कोण आहे रे गाडीखाली?”

दिनानाथ लवकर परतले होते. अवनीनं सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा तांबडा झाला.

“ऑइल चुकलं याचा राग नाही मला,” ते म्हणाले. “गाडी बंद पडली, आणि तू मला सांगितलं नाहीस! शेजारी लावली आहे म्हणालीस. तेहतीस वर्षं रणगाडे दुरुस्त केले मी. तुला वाटलं, हा म्हातारा कोसळेल?”

“हो, वाटलं!” अवनीही ओरडली. “वर्षभर एकच गोष्ट बोलताय तुम्ही. ती मी मोडली, हे कुठल्या तोंडानं सांगू?”

जीपखालून काळ्या हाताचा हंबीरराव बाहेर आला आणि अवघडून उभा राहिला.

“तू कुठलं घालतोयस?” दिनानाथ त्याच्यावर डाफरले. “मी कायम वीस-चाळीस घालतो.”

“चांगलं आहे, अप्पा. इथल्या उन्हात ते पुरे. मी पंधरा-चाळीस आणलंय.” त्यानं डबा वळवून आकडे दाखवले. “चाळीस म्हणजे तापल्यावरचा दाटपणा, तो अगदी तोच. पंधरा हा थंडीतला. आकडा जेवढा कमी, तेवढं गार इंजिनात ऑइल लवकर वर चढतं. तुम्ही साताऱ्याला राहणार. तिथं डिसेंबरात पहाटे इथल्यासारखं ऊन नसतं, असं ऐकलंय.”

दिनानाथांनी डबा हातात घेतला. दोन्ही बाजूंनी वाचला. “ऐकलंय? गेला नाहीस कधी?”

“नाही. आम्ही तिकडूनच आलो म्हणतात. तीनशे वर्षं झाली… परत जायचं राहून गेलं.”

दिनानाथांनी स्वतःच्या हातानं ऑइल ओतलं आणि चावी अवनीपुढे धरली. “तू लाव.”

इंजिन धडधडलं. लाल दिवा पेटलेला. एक… दोन… तीन… आणि दिवा विझला! वीस मिनिटं इंजिन तापू दिलं, तरी तो पुन्हा लागला नाही. खाली एखादा थेंब पडत होता, एवढंच.

“सील जुनं आहे, थोडं ठिबकेल,” हंबीरराव हात पुसत म्हणाला. “पण आत सुटलेली काजळी या ऑइलात उतरणार. पाचशे किलोमीटरनंतर हे अस्कं, अगदी सगळं काढून नवं घालायला पाहिजे. फिल्टरही.”

“पाचशे म्हणजे वाटेतलं चित्रदुर्ग,” अवनी म्हणाली. “तिथं कोण बदलून देणार?”

“कोणीही देईल. सोपं काम आहे.”

“हो का? कोणीही? आणि त्यानं भलतंच ऑइल घातलं तर? का ते न सांगता?” तिचा आवाज पुन्हा चढला होता. का चढला, हे तिचं तिलाही कळेना. “इथवर येऊन सगळं निस्तरलंत, आणि आता म्हणताय कोणीही!”

हंबीररावनं फडक्याची घडी केली. उलगडली. पुन्हा घडी केली.

“मी आलो तर?” तो म्हणाला. “चित्रदुर्गपर्यंत… ऑइलसाठी. आणि तिथून पुढं… ऑइल नव्हे, तुमच्यासाठी. तुम्ही नको म्हटलंत तर चित्रदुर्गला उतरतो, अवनी.”

बाई म्हणायचं तो विसरला होता. तिच्या लक्षात आलं.

दिनानाथ एकाएकी जीपची मागची चाकं तपासायला निघून गेले.

“मागे उरलेलं सामान आहे,” अवनी रागानंच म्हणाली. “पाय ठेवायला जागा नाही.”

“सरी… बरं मग.” त्यानं मान खाली घातली.

“सरी काय? एका शब्दावर माघार? सेनापती ना तुम्ही?” तिनं त्याच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि त्याच्या गालावरचा काळा डाग खसाखसा पुसला. “उभे काय राहिलात? त्या दोन ट्रंका उतरवायला हात लावा. उद्या सकाळी सहा वाजता निघायचंय!”