कमरेवर काही नसताना

त्या रविवारी मी सिंगापूरजवळच्या उबिन बेटावर गेले ती फक्त थालीपिठांचे डबे पोचवायला. पुंगोलला आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये अदिती राहते. तिचा रानावनात चालणाऱ्यांचा एक गट आहे, सगळी आपलीच मराठी मंडळी. ती कितीदा तरी म्हणाली होती, "सुलेखाताई, एकदा तरी या ना आमच्याबरोबर." मी दर वेळी काहीतरी सबब सांगायचे. या खेपेला मात्र म्हटलं, डबे घेऊन येते, पण धक्क्यावरच बसेन. आत येणार नाही.

खरं कारण तिला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते.

सिंगापूरला येण्याआधी आम्ही बरीच वर्षं कोलोरॅडोत होतो. तिथं मला डोंगरांचं वेड लागलं. पाठीवर पिशवी टाकून मी दोन दोन दिवस एकटी चालायचे. सारंगला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, काळजी वाटायची. शेवटी मी रीतसर शिकले, परवाना काढला, आणि कमरेला उजव्या बाजूला पिस्तूल बांधून चालायला लागले. तिथं त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एकदा एक प्यूमा, म्हणजे तिथला डोंगरी सिंह, बराच वेळ माझ्या मागून चालत आला होता. मुठीवर हात ठेवून मी उलट्या पावलांनी उतार उतरले, तो कंटाळून निघून गेला. गोळी मी कधीच झाडली नाही. पण त्या दिवसापासून मागे पान जरी वाजलं तरी हात आपोआप कमरेकडे जायचा.

सारंगला इथं सिंगापुरात, तांजोंग पगारला नोकरी लागली तेव्हा मी ते पिस्तूल दुकानात परत विकून आले. इथं तसलं काही जवळ बाळगणं म्हणजे थेट तुरुंग. त्याचं मला दुःख नव्हतं. पण इथं आल्यावर पहिल्यांदाच रानात शिरले आणि शंभर पावलांत छाती धडधडायला लागली. कंबर उघडी पडल्यासारखी वाटत होती. मी मागे फिरले ती फिरलेच. जी गोष्ट मला सगळ्यात प्रिय होती ती मी सोडून दिली, आणि त्याबद्दल कुणाशी बोललेही नाही.

तर, त्या दुपारी धक्क्यावर बसले होते. आभाळ भरून आलं होतं, वारा पडला होता. एवढ्यात अदिती धावत आली. चेहरा पांढराफटक.

"ताई, बाबा इकडे आले का?"

बाबा म्हणजे तिचे सासरे, दीनानाथकाका. साताऱ्याहून महिन्याभरासाठी आले होते. रबराची झाडं बघतो म्हणून पायवाटेनं जरा आत गेले, ते परतलेच नव्हते. फोन पिशवीतच राहिलेला. शुगर उतरली की चघळायच्या साखरेच्या गोळ्याही त्यातच.

पोलिसांना कळवलं होतं, गटातली माणसं निरनिराळ्या वाटांनी निघाली होती. एक वाट उरली होती, पूर्वी सुरुंग लावून दगड फोडायचे त्या जुन्या, बंद खाणीकडे जाणारी. अदितीला धक्क्यावर थांबणं भाग होतं, पोलीस तिथंच येणार होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. मीच उठले.

पहिली काही मिनिटं ठीक गेली. मग बांबूची दाट बेटं सुरू झाली आणि दिवसाउजेडी अंधारून आलं. कुजक्या फळांचा आंबूस वास येत होता. मी "काकाऽ" म्हणून हाक मारायचे, आणि ती हाक जणू कुणी मुठीत धरून ठेवायचं. रातकिडे तेवढे किरकिरत होते.

मग तेही थांबले.

आणि मागे पावलं वाजली.

रानडुक्कर असेल, म्हटलं. इथं असतात. पण डुक्कर थांबत नाही हो. मी थांबले की ही पावलं थांबत होती, एक पाऊल उशिरा. माझा हात कमरेकडे गेला. तिथं नुसता टी-शर्ट होता.

"हात... खाली घ्या."

मराठीत. अगदी हलक्या आवाजात, पाच-सहा हातांवरून.

मी गर्रकन वळले. वाट तिथं वळण घेत होती, वळणावरची पानं हलत होती. माणूस दिसला नाही.

"काका? तुम्हीच ना?"

पानांमागून आवाज आला, "चला... पुढे चला."

माझ्या जिवात जीव आला. पडले असतील, पँटबिंट फाटली असेल, परक्या बाईसमोर यायला लाजत असतील, असं मला वाटलं. आपली म्हातारी माणसं असतातच तशी. मी पाठ फिरवली.

"बरं, मी पुढे चालते. तुम्ही या सावकाश. लागलंय का कुठं?"

मागे नुसती पावलं. थोड्या वेळानं वाटेला फाटा फुटला. मी उजवीकडे वळणार, तोच मागून आवाज आला, "डावीकडे... बोलत राहा."

"काय बोलू?"

"मोठ्यानं... बोलत राहा."

मग मी बोलत सुटले. कोलोरॅडोचा बर्फ, तो प्यूमा, ते पिस्तूल, इथं आल्यावर बसलेली भीती, जे सारंगलाही कधी सांगितलं नव्हतं ते सगळं ओरडून ओरडून सांगत चालले. डावीकडे खाली खाणीचं काळंशार पाणी दिसत होतं. तिथं वास बदलला. कोरड्या दगडाच्या भुकटीचा वास, नुकताच सुरुंग उडवल्यासारखा. ओल्या रानात हा वास कुठून, असं मनात आलं. पण माझा हात पुन्हा कमरेकडे गेला नाही. हे तेव्हा लक्षात आलं नाही, नंतर आलं.

झाडी विरळ झाली. डांबरी रस्ता दिसला. मी बाहेर पडून हुश्श केलं आणि वळले.

मागे कुणी नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग झुडपं हलली आणि दीनानाथकाका बाहेर आले. चिखलानं माखलेले, एका पायात बूट नाही. मी धावत जाऊन त्यांना धरलं, निघताना त्यांच्या पिशवीतून घेतलेली साखरेची गोळी त्यांच्या तोंडात घातली.

"काका, एवढे मागे कसे राहिलात? आत्ता तर बोलत होतात माझ्याशी."

त्यांनी मान हलवली. गळ्याकडे बोट दाखवलं. घशातून नुसती खरखर येत होती. ते खाणीच्या बाजूला घळीत घसरले होते, हाका मारून मारून आवाज बसला होता. घळीच्या तोंडाशी झाडी इतकी दाट, की कुठं चढायचं तेच कळेना. मग वरून माझं बोलणं ऐकू आलं.

"त्या बोलण्याच्या रोखानं चढलो," ते कुजबुजले. "पोरी, तू बोलायची थांबली असतीस तर मी तिथंच राहिलो असतो."

"मग माझ्या मागे कोण होतं?"

काकांनी मागच्या झाडीकडे पाहिलं. "तो तुझ्याबरोबरचा नव्हता होय? मी वर आलो तेव्हा तुझ्या पाठोपाठ चालला होता. मला पाठमोराच दिसला. मधेच थांबून मला खूण करायचा, ये म्हणून..."

पुढे अदिती आली, पोलिसांची गाडी आली, रडणं झालं, थालीपिठं झाली. काका ठणठणीत आहेत. साताऱ्याहून अधूनमधून फोन करतात, "रानात जातेस ना गं?" विचारतात.

जाते. अगदी नेमानं जाते, एकटी, दोन्ही हात मोकळे सोडून. मागे पान वाजलं तर थांबते, आणि काही ना काही बोलायला लागते. छाती धडधडत नाही आता. सारंग म्हणतो, तू पुन्हा पहिल्यासारखी दिसायला लागलीस.

एकच गोष्ट त्याला सांगितलेली नाही. त्या दिवशी घरी येऊन टी-शर्ट काढला, तर त्याच्या पाठीवर मधोमध पंजाचा ठसा होता. करड्या दगडी भुकटीचा, बोटं वर केलेला, माणूस कुणाला हळूच पुढे ढकलतो तसा. धुतला की जातो. पण उबिनहून परतले की दर वेळी नवा असतो, आणि आता मला त्याचं भय वाटत नाही.

गेल्या रविवारी मात्र दोन होते. दुसरा खाली, कमरेपाशी उजवीकडे, पूर्वी पिस्तूल असायचं तिथं होता. लहान मुलाच्या हाताएवढा, मला धरून चालल्यासारखा.