चोपचिनीचा काढा

उजाडता उजाडता कासवदुर्गाच्या दर्याबुरुजावरून वेढा घालून बसलेली फिरंग्यांची सात तारवे स्पष्ट दिसू लागली. पण त्या सकाळी गडावर कोणाचेच लक्ष दर्याकडे नव्हते. सदरेवर किल्लेदार हैबतराव दळवी तळमळत पडले होते. डोळे सुजून मिटलेले, अंगभर पित्ताच्या गांधी उठलेल्या, श्वास घशातून कसाबसा वाट काढत होता.

महिनाभर सांधेदुखीने जखडलेल्या हैबतरावांना नरहरशास्त्री वैद्यांनी पहाटेच चोपचिनीचा काढा दिला होता. चीन देशीची ही मुळी वेढ्यापूर्वी फिरंग्यांच्याच बंदरातून आणलेली. गडाच्या रिवाजाप्रमाणे चाखणदार भिवा भंडारी याने आधी घोट घेतला, तो धडधाकट राहिला, म्हणूनच हैबतरावांनी निःशंकपणे वाटी रिकामी केली.

"याने चाखलेच नाही!" मुसक्या बांधलेल्या भिवाकडे बोट दाखवत सबनीस गंगाधरपंत गरजले. गडाच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी एव्हाना स्वतःच्या कमरेला लावलाही होता. "फिरंग्यांना फितूर झालाय. कडेलोट करा!"

"गिळला, पंत! देवीची आण, गिळला!" भिवा रडू लागला.

शास्त्री गप्प बसले असते तर सुटत होते. पण नवे औषध पहिल्या दिवशी गुंजभरच द्यावे, हे शिष्यांकडून घोकून घेणाऱ्या या माणसाने आज वाटी भरून दिली होती. हैबतरावांना तटावर उभे राहण्याची घाई आणि शास्त्र्यांना नव्या मुळीच्या कीर्तीची हाव. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"भिवा निर्दोष आहे. हे विष नव्हे, पंत. औषधच, पण सरकारांच्या प्रकृतीला न सोसणारे. चूक माझी." एवढे बोलून त्यांनी भांड्यात उरलेल्या काढ्यातला बराचसा सर्वांदेखत पिऊन टाकला.

"उतारा घेऊन आला असाल!"

"मग काट्याने ओरखडा काढून त्यावर थेंबभर लावू द्या. एक आपल्या हाताला, एक सरकारांच्या. विष असेल तर दोन्ही हात सुजतील. मात्र त्या थेंबानेही सरकारांच्या जिवावर बेतू शकेल, हे आधीच सांगतो."

पंत नकार देणार, तोच सारे ऐकत पडलेल्या हैबतरावांनी हात पुढे केला.

पंतांचा ओरखडा तसाच राहिला. हैबतरावांच्या हातावर मात्र बघता बघता रुपयाएवढी लालबुंद गांधी उठली. शिपायांनी भिवाच्या मुसक्या सोडल्या.

संध्याकाळपर्यंत सूज उतरली आणि हैबतरावांनी पंतांपुढे हात पसरला. जुडगा परत आला. शास्त्र्यांनी मुळ्यांची पिशवी दर्यात फेकली. मागे भिवा उभा होता.

"शास्त्रीबुवा, अठरा वर्सं धन्यांच्या आधी गिळतोय. मी जगलो म्हंजे धनी जगतील, येवढंच ठावं होतं. आता उद्या ताट आलं की काय करू?"



दुसऱ्या दिवशी भिवाने नेहमीसारखा पहिला घास घेतला, हैबतराव जेवू लागले, आणि ताट उचलले जाईपर्यंत तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसून राहिला.