सदतीस अंश

पेशींच्या थरावर ओढलेला ओरखडा साधारण अर्धा मिलिमीटर रुंद असतो. प्लास्टिकच्या बारीक टोकाने, पट्टी धरून, एका दमात ओढायचा. हात मध्येच थांबला तर कडा फाटतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो कोरड्या पाटासारखा दिसतो. मग दोन्ही काठांवरच्या पेशी पातळ पाय पुढे काढतात आणि रिकाम्या जागेत सरकू लागतात. दुसऱ्या दिवसापर्यंत पाट बुजतो. तो किती लवकर बुजला, त्यावरून आम्ही ठरवतो की औषध जखम भरायला कामाचं आहे की नाही.

आमची प्रयोगशाळा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आहे, एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. खालचा प्रेस चालू असला की सूक्ष्मदर्शकातलं चित्र थरथरतं. म्हणून फोटो खालच्या कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत काढायचे. मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांसाठी आम्ही एक जेल तयार करत होतो: पेप्टाइडचं, म्हणजे प्रथिनाच्या अगदी लहान तुकड्यांचं. शरीराच्या उबेला ते जेलीसारखं जमतं आणि पेशींना धरून चढायला आधार देतं. चाचणीसाठी लागणाऱ्या पेशी एका रुग्णालयातून येत. सर्जन जखम साफ करताना जो तुकडा टाकून देतात, तो रुग्णाची सही घेऊन आमच्याकडे यायचा.

त्या पावसाळ्यात आलेला एक तुकडा माझ्या आईचा होता.

आई, झुंबरबाई, लासलगावजवळच्या गावाहून माझ्याकडे गंगापूर रोडला आली ती डाव्या पायासाठी. मधुमेहामुळे त्या तळव्याला कित्येक वर्षं काही कळत नव्हतं. चपलेतून आरपार गेलेला खिळा तिला रात्री पाय धुताना दिसला होता. त्याच रुग्णालयाचे डॉक्टर शिरोडे पहिल्याच भेटीत म्हणाले, “गुडघ्याखाली काढावा लागेल. उशीर करू नका.” मी म्हणाले, बघू. माझ्या हातात जेल होतं. तिच्याच पेशींवर ते चालतं हे दिसलं, तर तिच्या पायावर लावायची परवानगी मिळवता येईल, असा माझा हिशोब होता.

आईच्या पेशींच्या डिशमध्ये मी पहिला ओरखडा ओढला, त्या संध्याकाळी ती खुशीत होती.

“तृप्ते, आज पायाला कळलं गं.”

“काय कळलं?”

“जेवून पडले व्हते. तळव्यावर कोणी नखानं रेघ ओढावी तसं. एकदम सरळ.”

“मुंग्या आल्या असतील.”

“मुंग्या पट्टी धरून येत्यात व्हय?” ती हसली. “त्या शिरोड्याला सांग, पाय मेला म्हनतो. मेलेला गुदगुल्या करतोय म्हनावं.”

‘पट्टी’ हा शब्द मी ऐकला आणि सोडून दिला. योगायोग एकदा होतो. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा तेच म्हणाली, तेव्हा मी सृष्टीला, माझ्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीला, सांगितलं की पुढचा ओरखडा तू ओढ. कधी, कसा, मला सांगू नकोस.

आई म्हणाली, “आज दोन रेघा. फुलीसारख्या.”

मी फोन केला. सृष्टी ओशाळली. “सॉरी मॅडम, हात घसरला. दुसरा तिरका गेला पहिल्यावरून.”

मी हे कोणाला सांगितलं नाही. शिरोड्यांना एवढंच सांगितलं की संवेदना परत आल्यासारखी वाटते. त्यांनी आईच्या तळव्याला सुई टोचली. ती छताकडे बघत राहिली. आणखी खोल टोचली.

“कळतंय का, आजी?”

“हितं नाय हो,” आई म्हणाली. “तिथं.”

“तिथं म्हणजे?”

डॉक्टर माझ्याकडे वळले. “काळेपणा घोट्याच्या वर आलाय. आता ठरवा.”

डिशमध्ये मात्र पेशी सुरेख वाढत होत्या. इतक्या एकसारख्या, तरतरीत पेशी मी कित्येक वर्षांत पाहिल्या नव्हत्या. दोष एकच होता. गोठवल्या की त्या मरत, म्हणून सतत सदतीस अंशांच्या उबेत ठेवाव्या लागत. अशा आणखी एकाच रुग्णाच्या पेशी आमच्याकडे होत्या, तेरा नंबरच्या. दोन्ही डिश मी उबकपेटीत एकाच फळीवर शेजारी ठेवल्या होत्या. आईचा नंबर मला माहीत होता; एरवी नावं आमच्यापर्यंत येत नाहीत, फक्त नंबर येतात.

मी शिरोड्यांना म्हणाले, दसऱ्यानंतर बघू.

खंडेनवमीला अंबडची सगळी यंत्रं बंद असतात. खाली प्रेसला आणि ड्रिलला हार घातले होते. आमचे मालक दीपकसर झेंडूचा हार घेऊन वर आले आणि पेशींच्या उबकपेटीसमोर उभे राहिले.

“सर, दार उघडायचं नाही. आणि हळद आत जाता कामा नये.”

“नाही उघडत, मॅडम. पण वर्षातून एकदा तरी पाया पडू द्या. आपण सगळे हिच्याच जिवावर खातोय.”

त्यांनी पेटीच्या बंद दाराला हळदकुंकू लावलं, वर हार अडकवला आणि अगदी पुढ्यात नारळ फोडला. पहिल्यांदा फुटला नाही. तीनदा आपटावा लागला. सृष्टी हसू दाबत होती.

घरी आले तेव्हा आईला ताप होता.

“कोणी नारळ फोडला गं?” डोळे न उघडता तिने विचारलं. “लय हादरलं. जड हाताचा हाय मेला.”

मी पलंगाच्या कडेला बसले.

“हार बाहेरून घातला. आतून दिसला नाय.”

“आई, तू कुठे होतीस?” हा प्रश्न मी तोवर विचारला नव्हता.

“उबेत. अंधार हाय. गुलाबी पानी हाय गळ्यापतुर. तू दार उघडती तवा उजेड पडतो.”

पेशींना आम्ही जो द्रव घालतो, तो गुलाबी असतो. आईने आमची प्रयोगशाळा कधीही पाहिलेली नाही. मी कामाबद्दल घरी बोलत नाही.

“एकटीच असतेस?”

“नाय. शेजारी बाई हाय ना. मधी काच हाय, पन ऐकू येतं. पेठकडची हाय, डोंगरातली. अर्धं बोलनं कळत नाय मला. मंगलाबाई म्हनं.”

“काय बोलते?”

“इचारती, घरी कधी सोडत्याल. मी म्हनलं, माझी लेक येती रोज. तिला सांगते.”

सकाळी मी शिरोड्यांना फोन केला. तेरा नंबरचा नमुना कोणाचा, ते त्यांनी सांगायचं नसतं. म्हणून मीच नाव घेतलं: मंगलाबाई का?

“मंगलाबाई. पेठकडच्या. तुम्हाला कुठून कळलं?”

“कशा आहेत त्या?”

“वैशाखात गेल्या. पाय काढू दिला नाही. तुम्ही पेशी नेल्या आणि मग त्या म्हणायला लागल्या की पायाला कळतंय, सगळं कळतंय. घरच्यांना वाटलं, बऱ्या होतायत. त्यानंतर फार टिकल्या नाहीत.” मग त्यांनी विचारलं, “तुमची आई तसं काही म्हणते का?”

“शस्त्रक्रियेची तारीख द्या,” मी म्हणाले.

तारखेपर्यंत आईच्या तपासण्या चालल्या. ती जागी असायची, पण हाक मारली की उत्तर उशिरा यायचं, लांबून चालत आल्यासारखं. रोज सकाळी सृष्टी विचारायची, “त्या दोन डिशचं काय करायचं, मॅडम?” मी म्हणायचे, राहू दे.

त्या राहू देता येणार नव्हत्या, हे मला माहीत होतं. पाय गेला आणि डिश राहिली, तर आई कुठे राहणार? मंगलाबाई गेल्यानंतर कुठे राहिल्या, ते मी रोज उबकपेटीचं दार उघडून पाहत होते. पेशी नष्ट करायची पद्धत साधी आहे. डिशमध्ये ब्लीच ओतायचं आणि ठेवून द्यायचं. सूक्ष्मदर्शकाखाली हे मी एकदा पाहिलं आहे. पेशी आधी पाय आत ओढून घेतात. मग गोल होतात.

मी ठरवलं होतं की आईला पूर्ण भूल दिल्यावर सृष्टीने ब्लीच ओतायचं. म्हणजे आईला काही कळणार नाही.

शस्त्रक्रियेच्या सकाळी भूलतज्ज्ञ बाहेर आल्या. “हृदय फार कमजोर आहे. पूर्ण भूल देता येणार नाही. पाठीत इंजेक्शन देऊ. कमरेखाली बधिर होईल, पण त्या जाग्या राहतील.”

कमरेखाली. आईचा जो भाग अंबडला होता, तो कमरेखाली धरायचा की कसा, हे मी कोणाला विचारणार होते?

स्ट्रेचर थिएटरच्या दाराशी आलं होतं. वॉर्डबॉय कागदांसाठी आत गेला होता. मी आईचा हात धरला. कानाशी फोन होता. पलीकडे सृष्टी उबकपेटीसमोर उभी होती.

“दार उघडलं,” आई म्हणाली.

फोनमध्ये दार उघडल्याचा आवाज मागाहून आला.

“मॅडम, दोन्ही बाहेर काढल्या. ब्लीच तयार आहे.”

“थंडी वाजती,” आई म्हणाली. तिची बोटं माझ्या हातात घट्ट झाली. “ती इचारती, आज घरी का?”

“मॅडम? दोन्हीत एकदम ओतू?”

दुखतं की नाही, हे मला माहीत नव्हतं. ते कळायचा एकच मार्ग होता. काचेपलीकडचं आईला ऐकू येणार होतं आणि ती मला सांगणार होती. इंजेक्शनला अजून काही मिनिटं होती.

आई माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट पाहत. स्वतःसाठी नाही.

“शेजारची आधी,” मी म्हणाले. “थोडं थोडं ओत. मी आईला विचारत राहते.”