चुळबुळीचं कार्ड

“वहिनी, परवा क्लासात मी चुळबूळ करत होतो, कबूल. पण ती चुळबूळ माझी नव्हती हो!”

टेलरमास्तरांचं हे वाक्य ऐकून भावजींनी पेनच खाली ठेवलं. रिटायर झाल्यापासून ते वहिनींच्या डिटेक्टिव्ह कचेरीत बसत. आपल्या वहिनीसारखं डोकं गावात दुसऱ्या कुणाला नाही, असं ते चारचौघांत छातीठोक सांगत. त्यातलं अर्धं डोकं आपलं, असं मात्र मनातल्या मनात म्हणत.

“नीट सांगा,” वहिनी म्हणाल्या.

“आमच्या इंग्रजीच्या क्लासात बाईंची एक पद्धत आहे. पुढच्या दाराशी पेटी असते. आत शिरताना एक कार्ड उचलायचं, कुणाला दाखवायचं नाही. त्यावर मूडचा किंवा स्वभावाचा एक शब्द असतो. चहापर्यंत अगदी तसंच वागायचं, मग बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. मला आला ‘जिटरी’. म्हणजे जिवाला स्वस्थता नसलेला. मी पाय हलवले, घाम पुसला, सारखं आतबाहेर केलं. आणि चहाच्या वेळी बाईंनी कपाट उघडलं, तर आमच्या क्लासाने प्रश्नमंजुषा स्पर्धेत जिंकलेला करंडक गायब! गोंधळात कार्डं गेली परत पेटीत. आता सगळे म्हणतात, मास्तर आधीपासूनच कावरेबावरे होते.”

ते खुर्चीत पुढे सरकले. “उद्या कौतुकाचा कार्यक्रम आहे. स्पर्धेतलं शेवटचं उत्तर माझं, म्हणून करंडक घेऊन बोलायचं मीच. परदेशातून नात येतेय. पोरीला फक्त इंग्रजी येतं, तिच्यासाठी तर या वयात शिकायला बसलो. तिच्यासमोर चोर म्हणून उभा राहू?”

क्लास लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर होता. बाई टेबलाशी बसून एका कार्डावर हसरा पिवळा चेहरा रंगवत होत्या.

“‘चिअरफुल’,” बाई अभिमानाने म्हणाल्या. “प्रत्येक शब्दाचं एकच कार्ड, माझ्या हातचं! यावर गेल्या आठवड्यात शाई सांडली. तेव्हापासून पेटीबाहेरच आहे. आज कुठे मुहूर्त लागला.”

“छान जमलंय. करंडक कुठे असायचा?”

“स्वयंपाकघरातल्या कपाटात. सगळ्यांच्या पिशव्या पाहिल्या, काही नाही.”

“करंडक गेला म्हटल्यावर मास्तर काय करत होते?”

“काहीच नाही. खांबासारखे उभे. डोळ्यांची पापणीसुद्धा हलेना.”

“अपराधी मन!” भावजी पुटपुटले. वहिनींनी क्लासातल्या बाकीच्यांना एकेक करून बोलावलं.

मग आल्या नर्सताई. “माझा शब्द ‘ग्रम्पी’. एकेकावर असली डाफरले म्हणता! पण करंडक गेल्यावर कसलं नाटक? बाईंना घेरी येत होती, त्यांना पाणी पाजत बसले.”

शेवटी गडगडाटी हसत बेकरीवाले आले. “क्लासाची बिस्किटं माझ्याकडची. मागच्या दाराने डबा स्वयंपाकघरात ठेवतो आणि फिरून पुढच्या दाराने वर्गात येतो.”

“तुमचा शब्द?”

“‘चिअरफुल’! पोट धरून हसायला लावलं सगळ्यांना.”

“आणि त्या दिवशीची बिस्किटं?”

“खाणार कोण त्या गोंधळात? भरला डबा तसाच परत नेला.” त्यांनी आवाज खाली आणला. “वहिनी, मास्तर कालचे आले हो. मी दोन वर्षं बसतोय या बाकावर. पण उत्तर त्यांना सुचलं, झाले हिरो!”

वाटेत भावजी म्हणाले, “मास्तरच. लिहून ठेवा.”

“ठेवते,” वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी सगळ्यांना वर्गात बसवलं.

“चोराला चोरी उघड होईल तेव्हा धडकी भरते. मास्तरांचं उलटं झालं. आधी चुळबूळ, आणि करंडक गेला म्हणताच एकदम स्तब्ध. कारण नाटक तिथेच संपलं. नर्सताईंचंही तसंच, डाफरणं सोडून त्या पाणी द्यायला धावल्या. दोघांनी खरोखर कार्ड उचललं होतं.”

त्या बेकरीवाल्यांकडे वळल्या. “तुम्ही उचललं नाही. मागच्या दाराने आलात, करंडक डब्यात घातलात आणि घाईत तसेच आतल्या आत वर्गात शिरलात. पेटी राहिलीच. मी शब्द विचारला तेव्हा तुमच्या हसण्याला शोभेल असा सांगून मोकळे झालात. पण ते कार्ड आठवडाभर पेटीत नव्हतंच. ते या टेबलावर होतं. सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या, बिस्किटांचा डबा मात्र कुणी उघडला नाही.”

बेकरीवाल्यांचं हसू मावळलं. “विकणार नव्हतो,” ते खाली बघत म्हणाले. “फक्त आजचा मान त्यांना मिळायला नको होता.” तासाभरात करंडक परत आला, आणि त्यांनी मास्तरांचे हात धरून माफी मागितली.

भावजींना राहवेना. “माझ्या वहिनी आहेत त्या!” ते नर्सताईंना सांगू लागले. डोक्याच्या वाटणीचा विषय त्यांनी काढला नाही.

संध्याकाळी मास्तर करंडक घेऊन उभे राहिले आणि पाठ केलेलं भाषण साफ विसरले. मान ताठ, छाती पुढे, डोळ्यांत पाणी. बाईंनी पदर तोंडाला लावला.

पहिल्या रांगेतली नात खुर्चीवर उभी राहिली. आजोबांनी फोनवरून तिला हा खेळ शिकवला होता.

“प्राउड!” ती ओरडली.

“बरोब्बर!” मास्तर म्हणाले, आणि टाळ्या थांबेपर्यंत तसेच उभे राहिले.